शाहिराचा आवाज आणि शाहिराचे घर

आमच्या शाळेच्या पटांगणात भीमजयंतीच्या रात्री गायनाचा कार्यक्रम होत असे. वसतिगृहातील आम्ही मुले सतरंजीवर पुढच्या रांगेत बसत असू. पहाटे गायकमंडळी पेटी-ढोलकी आवरून पहिल्या एस.टी.ने निघून जात. त्यांपैकी अनेक जण आज हयात नाहीत. त्यांची गीते आम्हांला तोंडपाठ आहेत. पण गीत रचणारा कोण, गाणारा कोणत्या गावचा, दिवसा तो कोणते काम करी, हे आम्हांला सांगता येत नाही. ही खंत मनात असल्यामुळेच कलावंतांवर माहितीपट करणाऱ्यांच्या कार्याकडे आम्ही आदराने पाहतो.

माहितीपट म्हणजे गौरवपट नव्हे. चार गाणी, दोन सत्कार आणि मान्यवरांचे अभिप्राय एकत्र जोडल्याने कलावंत कळत नाही. सत्यजित राय यांनी शांतिनिकेतनातील आपले कलागुरू बिनोदबिहारी मुखर्जी यांच्यावर १९७२ साली 'द इनर आय' हा लहानसा माहितीपट केला. दृष्टी गेल्यावरही कलानिर्मितीत रमलेले गुरुजी त्यात दिसतात. तेथे कीव नाही, जयजयकारही नाही. कामात गढलेला एक माणूस आहे.

आपल्या अधिक निकटचे उदाहरण आनंद पटवर्धन यांचे. त्यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात शाहीर विलास घोगरे गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्यानंतर पोलिसांच्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले आणि थोड्याच दिवसांत घोगरे यांनी आत्महत्या केली. या मृत्यूचा माग घेत पटवर्धन १४ वर्षे चित्रीकरण करीत राहिले. त्यातून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला. त्यात शाहिराच्या आवाजाबरोबर त्याची वस्ती आहे, गोळीबारात आप्त गमावलेली कुटुंबे आहेत, न्यायाची दीर्घ प्रतीक्षा आहे आणि पुढच्या पिढीचे गायकही आहेत. केवळ गाणे टिपले असते, तर गाणारा का गेला हे कळले नसते.

अर्थात कॅमेऱ्याचेही ऋण असते. कलावंताचे गाणे देशोदेशी पोहोचावे आणि त्याच्या घरी चित्रफितीची प्रतही न पोहोचावी, असे घडत असेल, तर तो त्या कलेचा सन्मान ठरत नाही. ज्याच्या जीवनातून चित्रपट घडतो, त्याच्या वस्तीत तो प्रथम दाखविला जावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि सर्व भार इतरांवर टाकून आम्हांला मोकळे होता येणार नाही. एके काळी कॅमेरा दुर्मीळ होता. आज तो आमच्या प्रत्येकाच्या खिशात आहे. आपल्या गावातील वृद्ध गायकाकडे माजी विद्यार्थ्यांनी जावे. त्यांची संमती घ्यावी, कवीचे नाव विचारावे, आयुष्याची हकिकत त्यांच्याच शब्दांत नोंदवावी. एक प्रत त्यांच्या घरी द्यावी, एक शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. पुढील जयंतीला पुढच्या रांगेत बसणाऱ्या मुलांना गीताबरोबर गाणाऱ्याचे नावही पाठ असावे, एवढीच आमची इच्छा आहे.