पंचाची चूक आणि मैदानाचा प्रश्न

११ जून २०२४ रोजी कतारमधील दोहा येथे भारताच्या फुटबॉल संघावर अन्याय झाला, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेतील दुसऱ्या फेरीचा तो अखेरचा सामना होता. छांगते याने ३७ व्या मिनिटाला केलेल्या गोलामुळे भारत एक शून्य असा पुढे होता. ७३ व्या मिनिटाला कतारच्या खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू याने अडवला आणि तो गोलखांबाच्या बाजूने रेषेबाहेर गेला. तेथून एका कतारी खेळाडूने तो पायाने आत ओढला आणि युसुफ आयमन याने जाळ्यात धाडला. संपूर्ण चेंडूने रेषा ओलांडली की खेळ थांबतो, हा या खेळाचा अगदी प्राथमिक नियम होय. भारतीय खेळाडूंनी हात वर केले, विनवण्या केल्या. दक्षिण कोरियाच्या पंचांनी गोल मान्य केला. ८५ व्या मिनिटाला दुसरा गोल झाला आणि भारत १-२ असा पराभूत झाला.

कर्जत आणि खालापूर हे तालुके फुटबॉलसाठी प्रसिद्ध नाहीत. येथील मातीचा खेळ कबड्डीचा आणि सुटीच्या दिवसाचा खेळ टेनिस चेंडूच्या क्रिकेटचा. परंतु दोह्यातील त्या गोलाचे चित्र ज्याच्या हाती भ्रमणध्वनी आहे त्या प्रत्येकापर्यंत पोहोचले आणि ज्यांनी पूर्वी फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता तेही संतापले. चोरी झाली, पंच विकला गेला, सामना पुन्हा खेळवा, अशी भाषा देशभर सुरू झाली. भारतीय फुटबॉल महासंघाच्या अध्यक्षांनी चौकशीची मागणी केली. निकाल मात्र कायम राहिला. सहा दिवसांनी, १७ जून रोजी, महासंघाने प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना पदावरून दूर केले. पंच दोषी, प्रशिक्षक दोषी. येथे प्रकरण मिटले आणि संतापही ओसरला.

हा संताप खोटा होता असे कोणी म्हणणार नाही. अन्यायाची चीड येणे हे जिवंत समाजाचे लक्षण आहे आणि समाजवादी चळवळ तर त्याच चिडीवर उभी आहे. प्रश्न असा आहे की, ही चीड एका माणसावर खर्च होऊन संपावी, की तिने अन्यायाच्या मुळापर्यंत जावे?

प्रथम हिशेब पाहू. दुसऱ्या फेरीत भारत सहा सामने खेळला. कुवेतला त्यांच्या भूमीवर हरवून सुरुवात चांगली झाली. पुढे भुवनेश्वरला कतारकडून तीन गोलांनी हार झाली. २१ मार्च २०२४ रोजी सौदी अरेबियातील आभा येथे अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी झाली, आणि पाच दिवसांनी गुवाहाटीत त्याच अफगाणिस्तानने भारताला १-२ असे हरवले. ज्या देशाला स्वतःचे 'घरचे' सामनेही परक्या देशात खेळावे लागतात, त्या देशाचा हा संघ होता. ६ जून रोजी कोलकात्यात सुनील छेत्री याच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतविरुद्ध पुन्हा गोलशून्य बरोबरी. सहा सामन्यांत भारताचे गोल तीन आणि गुण पाच. दोह्यातील सामना अखेर बरोबरीत सुटता, तरी भारताचे सहाच गुण झाले असते; कुवेतने त्याच दिवशी अफगाणिस्तानला हरवून सात गुण मिळवले. विजय मिळाला असता तर मात्र भारत प्रथमच तिसऱ्या फेरीत गेला असता. तो अवैध गोल झाला नसता तर पुढील सतरा मिनिटे कशी गेली असती, हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून एवढेच म्हणता येते की पंचाने भारताची संधी हिरावली. परंतु ती एकच संधी उरावी, ही परिस्थिती पंचाने निर्माण केली नव्हती.

दुसरी गोष्ट आपल्या न्यायबुद्धीची. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत भारत आणि इराण यांच्यात कबड्डीची अंतिम लढत झाली. गुण २८-२८ असे समान असताना पवन सेहरावत याच्या चढाईवरून वाद झाला. कोणता नियम लावावा याबद्दल पंचांचे निर्णय उलटसुलट फिरले, खेळाडू मैदानावर बसून राहिले आणि सामना बराच काळ थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. निर्णय भारताच्या बाजूने योग्य होता असे मानणारे अनेक जाणकार आहेत. पण ज्यांनी दोह्यासाठी आकाशपाताळ एक केले, त्यांच्यापैकी कितीजणांना त्या दिवशी इराणी खेळाडूंच्या मनात काय चालले असेल, असा प्रश्न पडला? ध्वज बदलला की न्यायाचे माप बदलते, ते माप न्यायाचे राहत नाही.

आणि घरच्या आखाड्यात काय घडले? २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे महाराष्ट्र केसरी स्पर्धेत चीतपटीचा निर्णय अमान्य करून शिवराज राक्षे या मल्लाने पंचालाच लाथ मारली. पुढे त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. निर्णय चूक की बरोबर, यावर गावोगावच्या तालमींत चर्चा झाली. लाथ खाणाऱ्या माणसाची चर्चा फारशी झाली नाही. वस्तुतः पंच हा श्रमिक आहे. तालुका किंवा जिल्हा पातळीवरचा पंच हा बहुधा दुसरी नोकरी सांभाळून, अल्पशा मानधनावर, उन्हातान्हात उभा राहतो. त्याला प्रशिक्षण अपुरे, संरक्षण नाही आणि चुकीची क्षमा नाही. कारखान्यात यंत्र सदोष असेल आणि अपघात झाला तर चौकशीत पहिले बोट कामगाराकडे दाखवले जाते, हे खोपोलीच्या औद्योगिक पट्ट्यात काम केलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. क्रीडाव्यवस्थाही तेच करते.

दोह्यातील यंत्रणेचा दोष कोणता होता? चित्रफितीवरून निर्णय तपासण्याची व्यवस्था २०१८ साली फुटबॉलच्या नियमांत समाविष्ट झाली आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात वापरली गेली. आशियाच्या पात्रता स्पर्धेत तिसऱ्या फेरीपासून ती उपलब्ध होती. दुसऱ्या फेरीत नव्हती. म्हणजे बलवान संघांच्या फेरीत चूक दुरुस्त होऊ शकते आणि त्या फेरीत पोहोचण्यासाठी धडपडणाऱ्या दुर्बळांच्या फेरीत ती होऊ शकत नाही. याला इतिहासही आहे. २०१० च्या विश्वचषकात इंग्लंडचा फ्रँक लँपार्ड याने जर्मनीविरुद्ध मारलेला चेंडू रेषेच्या पुष्कळ आत पडूनही गोल दिला गेला नाही. त्यानंतर दोनच वर्षांत, २०१२ साली, गोलरेषेवरील तंत्राला मान्यता मिळाली. बड्या देशाच्या वेदनेला दोन वर्षांत उत्तर मिळते. भारत, अफगाणिस्तान किंवा नेपाळ यांच्या वाट्याला आलेली चूक ही खेळाचा एक भाग म्हणून सोसावयाची असते. चूक सर्वांकडून होते. ती दुरुस्त करून घेण्याचे साधन मात्र उत्पन्नाच्या प्रमाणात वाटले जाते.

कर्जत-खालापूरच्या ठाकर आणि कातकरी वाड्यांना हा न्याय नवा नाही. वनहक्क कायदा २००६ साली झाला. ग्रामसभेने मान्य केलेला दावा वरच्या समितीने फेटाळला तर साठ दिवसांत दाद मागता येते, असे कायदा सांगतो. परंतु निर्णयाची प्रत वेळेवर हाती येणे, ती वाचता येणे, तालुक्याला खेपा घालण्यासाठी मजुरी बुडवता येणे आणि मोजणीचा नकाशा मिळवता येणे, या गोष्टी कायद्याने आपोआप मिळत नाहीत. ज्याच्यापाशी पैसा आहे तो फेरमोजणी करून घेतो. ज्याच्यापाशी नाही त्याची रेषा दुसरा कोणी आखतो. दोह्याची रेषा आणि वाडीची रेषा यांचे महत्त्व सारखे नाही, हे उघड आहे. खेळातील अन्यायाने कोणाची चूल विझत नाही. तथापि दोन्हीकडे अपिलाचा हक्क साधनांशी बांधलेला आहे, आणि कार्यकर्त्याला तरुणांशी बोलावयाचे असेल तर त्यांच्या मनात आधीच पेटलेल्या प्रश्नापासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरते.

आता दुसरा पराभव पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी गोव्यात मडगाव येथे सिंगापूरने भारताला २-१ असे हरवले. तेथेही भारताचा गोल छांगतेचाच आणि तेथेही आघाडी आपलीच होती. या पराभवाने २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. त्या रात्री दोष द्यावयास दोह्यासारखा पंच नव्हता. म्हणून संतापही तेवढा झाला नाही! ज्या पराभवात खलनायक सापडत नाही तो पराभव आपण विसरतो, आणि खरी कारणे नेमकी तेथेच दडलेली असतात.

भारताने १९५१ आणि १९६२ साली आशियाई सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. त्या काळात आणि त्यानंतरही अनेक वर्षे खेळाडूला रेल्वे, पोलीस, गिरण्या, बँका यांच्या संघांत नोकरी मिळे. मुंबईत मफतलाल, टाटा, महिंद्र, एअर इंडिया यांचे संघ होते. कामगारवस्तीतील मुलाला चेंडूच्या आधारे पगारी नोकरी मिळू शकते, एवढा भरवसा त्या व्यवस्थेत होता. तिच्यातही वशिला होता, दारिद्र्य होते. ती आदर्श नव्हती. परंतु ती मोडली तेव्हा तिच्या जागी काय आले? महिंद्र युनायटेड हा संघ २०१० साली बंद झाला. त्याच वर्षी महासंघाने व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी, सातशे कोटी रुपयांना, एका खासगी कंपनीला दिले. त्या कराराची मुदत संपत आली आणि नवा करार होईना, तेव्हा २०२५ च्या सप्टेंबरात अपेक्षित असलेली देशातील प्रमुख लीग सुरूच झाली नाही. काही क्लबांनी खेळाडूंचे वेतन थांबवले. राष्ट्रीय संघाचे खेळाडू सामने नसताना आशियाई पात्रतेसाठी उभे राहिले. नफ्याच्या कराराला जोडलेला खेळ करार अडला की अडतो, यात आश्चर्य ते काय?

हीच कहाणी या दोन तालुक्यांच्या भूमीवर वाचता येते. १९१५ पासून खोपोलीचे जलविद्युत केंद्र मुंबईला वीज देत आले. त्या विजेवर गिरण्या चालल्या आणि गिरण्यांच्या जोरावर मुंबईचे क्रीडासंघ उभे राहिले. रसायनीत सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना आला. २०१७ साली केंद्र सरकारने तेथील तोट्यातील विभाग बंद करून जमीन विकण्याचा निर्णय घेतला. उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांतील शेतजमिनींवर फार्महाऊस आणि गृहसंकुले उभी राहत आहेत. संकुलाच्या जाहिरातीत हिरवे क्रीडांगण असते, पण ते कुंपणाच्या आत. बाहेरच्या मुलांचे मैदान म्हणजे भातकापणीनंतरचे शेत. धसकटे तुडवीत मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत खेळावयाचे आणि पहिल्या पावसाबरोबर खेळ बंद. मुलींच्या वाट्याला तेही क्वचितच येते. २०१७ साली सप्टेंबरात राज्य शासनाने शाळाशाळांतून फुटबॉल वाटले. चेंडू वाटणे सोपे असते. मैदान वाटता येत नाही. ते जमिनीच्या बाजारातून सोडवून घ्यावे लागते, आणि तेथे हितसंबंध आडवे येतात.

आणखी एक इशारा आवश्यक आहे. दोह्याच्या पराभवानंतर कतार या देशाविषयी आणि त्याच्या धर्माविषयी बोलल्या गेलेल्या भाषेला रागाचे निमित्त पुरेसे नाही. २०२२ च्या विश्वचषकाची मैदाने भारत, नेपाळ, बांगलादेश येथून गेलेल्या मजुरांनी बांधली, आणि त्यांच्या हालअपेष्टांची चर्चा जगभर झाली. रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील अनेक घरे आखातातील कमाईवर चालतात. एका गोलासाठी ज्यांना कतारचा राग आला, त्यांना त्या मजुरांसाठी तो का आला नाही, हे विचारावयास हवे.

तेव्हा कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. पात्रतेच्या प्रत्येक फेरीत निर्णय तपासण्याची समान व्यवस्था असावी आणि महासंघाच्या कारभारात खेळाडूंना खरा आवाज असावा, ही मागणी देशपातळीवर मांडली पाहिजे. पंचांना योग्य मानधन आणि संरक्षण मिळाले पाहिजे. आणि तालुक्यात सर्वप्रथम ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर मैदानाचा विषय आणला पाहिजे: गावाची गुरचरण आणि गावठाणाची मोकळी जागा कोणती, सातबाऱ्यावर ती कोणाच्या नावे आहे, तिच्यावर अतिक्रमण कोणाचे आहे आणि शाळेला मैदान आहे की केवळ कागदावरची नोंद आहे, याची गावनिहाय यादी तयार झाली पाहिजे. वाडीतील मुले-मुली ती यादी करू शकतील. दोह्याच्या रेषेवरून तावातावाने भांडणाऱ्या तरुणांना आपल्या गावच्या मैदानाची रेषा शोधावयास लावणे, हे या पावसाळ्यापूर्वी हाती घेण्याजोगे काम आहे.