काबिंडा : न विचारलेला प्रश्न

ग्रंथालयातील नकाशासंग्रह उघडून आफ्रिकेचा पश्चिम किनारा पाहावा. काँगो नदीच्या मुखाच्या उत्तरेस एक चिमुकला तुकडा दिसतो. रंग अँगोलाचा, पण मध्ये दुसऱ्याच देशाची, काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकाची, जमीन. हा काबिंडा. आकाराने गोव्याच्या सुमारे दुप्पट. पण त्याच्या समुद्राखाली तेलाचे अफाट साठे.

१८८५ साली सिमुलांबुकोच्या करारान्वये येथील सरदारांनी पोर्तुगालचे संरक्षण पत्करले. 'अँगोला वसाहत होती, आम्ही संरक्षित प्रदेश होतो', या भेदावरच स्वातंत्र्याची मागणी उभी आहे. त्यासाठी १९६३ मध्ये 'फ्लेक' ही आघाडी स्थापन झाली. पुढे समुद्रात तेल सापडले आणि काबिंडाचे मोल एकदम वाढले. जानेवारी १९७५ मध्ये आल्वोर येथे पोर्तुगालने अँगोलाच्या तीन संघटनांशी स्वातंत्र्याचा करार केला. त्यात काबिंडा अँगोलाचा अविभाज्य भाग ठरला. फ्लेकला मात्र बोलावणेही नव्हते! नंतरचा देखावा तर विलक्षणच. मार्क्सवादी सरकारच्या मदतीस आलेले क्यूबाचे सैनिक अमेरिकन कंपनीच्या तेलक्षेत्राचे रक्षण करीत होते. तत्त्वज्ञाने एकमेकांशी भांडत होती. तेल सुखरूप वाहत होते.

कोणी म्हणेल, प्रत्येक प्रदेश फुटून निघाला तर आफ्रिकेचे होणार काय? १९६४ साली आफ्रिकी ऐक्य संघटनेने वसाहतकालीन सीमा मान्य केल्या, त्यामागे हीच भीती होती. ती खोटीही नव्हती. १९६७ ते १९७० च्या बिआफ्रा युद्धात लाखो माणसे, बहुतांशी उपासमारीने, मेली. पण सीमा जपणे वेगळे आणि माणसांना न विचारणे वेगळे.

येथे आपल्याला गोवा आठवावा. तोही पोर्तुगीजांच्याच ताब्यातला. तो महाराष्ट्रात विलीन व्हावा अशी आपल्याकडील अनेकांची तीव्र इच्छा होती. १६ जानेवारी १९६७ रोजी गोमंतकीयांना मत विचारले गेले आणि सुमारे ३४ हजार मतांच्या फरकाने त्यांनी विलीनीकरण नाकारले. प्रश्न मर्यादित होता, निकाल अनेकांना बोचला. तरी तो मानला गेला, कारण तो लोकांचा होता.

काबिंडात हे घडले नाही. २००६ साली सरकारने फ्लेकच्या एका गटाशी समझोता केला. दुसऱ्याने तो झिडकारला. त्याच वर्षी म्पालाबांडा या नागरी संघटनेवर बंदी आली. ८ जानेवारी २०१० रोजी आफ्रिका चषकासाठी आलेल्या टोगोच्या फुटबॉल संघाच्या बसवर गोळीबार झाला. संघासोबतचे दोघे दगावले आणि फ्लेकच्या गटांनी जबाबदारी घेतली. खेळायला आलेल्या पाहुण्यांचा यात काय अपराध? त्या गोळ्यांनी स्वातंत्र्य जवळ आले नाही. उलट शांततेने बोलणारे हक्क-कार्यकर्तेही तुरुंगात गेले; वर्षअखेरीस त्यांची सुटका झाली.

माझ्या मते दोन्ही बाजूंचा दोष एकच आहे. सरकार म्हणते, 'लोक आमचे'. बंदूकवाला म्हणतो, 'लोक आमचे'. लोकांना मात्र कोणी विचारत नाही. काबिंडाने अँगोलात राहावे की बाहेर पडावे, हे ठरविणारे तुम्ही-आम्ही कोण? पण तो प्रश्न तेथील माणसापुढे मतपत्रिकेवर कधीतरी यावा, एवढे म्हणण्याचा अधिकार, गोव्याचा कौल मान्य करणाऱ्या आपल्याला नक्कीच आहे.