घराचा सौदा : दलाल हवा की नको?

मोहल्ल्यात कोणाचे घर विकायला निघाले की चहाच्या हॉटेलात एकच चर्चा सुरू होते. एक म्हणतो, "दोन टक्के फुकटचे कशाला द्यायचे?" दुसरा म्हणतो, "दलालाशिवाय गिऱ्हाईक येणार कोठून?" दोघेही हिशेब दलालीचाच करतात. आमच्या मते हा हिशेब सर्वांत शेवटी करावयाचा आहे. त्याच्या आधी जी कामे आहेत ती कोणताही दलाल तुमच्यासाठी करीत नाही आणि ती त्याला करूही देऊ नयेत. परंतु आपले व्यापारी व कारागीर बंधू नेमके उलटे करतात. आधी दलालाला किल्ली देतात, मग कागद शोधायला बसतात.

दलाल ही आपल्याला नवी चीज नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बाजारात ग्रे कापडाचे किती सौदे दलालाच्या तोंडी शब्दावर होतात! पार्टी कशी आहे, पेमेंट किती दिवसांत येते, मागच्या वेळी तिने वटाव किती कापला, हे त्याला तोंडपाठ असते. पैसे अडकले तर तोच चकरा मारतो. का? कारण पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा आपल्याच गादीवर यायचे असते. त्याची रोजी आपल्या भरवशावर आणि आपला माल त्याच्या जबानीवर. घराच्या दलालाचे तसे नाही. माणूस आयुष्यात एखादे घर विकतो, फार तर दोन. सौदा झाला की त्याचा तुमचा संबंध संपला. म्हणून कापडाच्या दलालावर ठेवतो तो भरवसा घराच्या दलालावर डोळे मिटून ठेवणे बरोबर नाही. यात त्याला बेईमान ठरविण्याचा हेतू नाही. धंद्याची घडणच वेगळी आहे.

आकडे मांडून पाहा. घर ४० लाखांचे आहे, दलाली २ टक्के धरली तर ८० हजार. गिऱ्हाईक ३६ लाखांवर अडले. दलाल म्हणतो, "शेठ, देऊन टाका, मार्केट थंड आहे." तुम्ही दिले. तुमचे गेले ४ लाख. त्याचे गेले ८ हजार. त्या ८ हजारांसाठी तो आणखी दोन महिने पायपीट का करील? शिवाय बहुतेक ठिकाणी तो घेणाऱ्याकडूनही दलाली घेतो. म्हणजे सौदा लवकर तुटण्यात त्याचे नुकसान, किंमत तुटण्यात नाममात्र. दलालाने दिलेला सल्ला ऐकताना हा हिशेब मनात ठेवावा, एवढेच.

आता दुसरी बाजू. स्वतः विकणारा मनुष्य बहुधा भाव चढा सांगतो. वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेले घर, वरच्या मजल्याची फरशी राजस्थानहून आणलेली, या खोलीत आम्हा सर्वांची लग्ने झाली. हे सर्व खरे, पण गिऱ्हाईक त्याचे पैसे देत नाही. वर्षभर घर तसेच पडून राहिले की लोक म्हणू लागतात, काहीतरी खोट असणार. बाजारात चार दुकाने फिरून आलेल्या ताक्याची जी गत, तीच त्या घराची. हाच प्रकार चार दलालांना एकाच वेळी किल्ली देणारांचाही होतो. प्रत्येकजण वेगळा भाव सांगतो आणि गिऱ्हाईक सर्वांत कमी भाव धरून बसते.

भाव ठरविण्याचा सोपा मार्ग आहे. त्याच गल्लीत मागील दोन वर्षांत जी घरे विकली गेली त्यांची इंडेक्स दोन पाहावी. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. सोबत सरकारचा रेडी रेकनरचा दर पाहावा, कारण त्याहून कमी किंमत लिहिली तरी मुद्रांक शुल्क रेकनरप्रमाणेच लागते. एवढे हाती असले म्हणजे दलाल तुम्हाला फसवू शकत नाही आणि तुम्हीही स्वतःला फसवू शकत नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या मोहल्ल्यांतील घरे बहुतेक मरहूम वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत. खाली माग, वर कुटुंब, आणि घरपट्टीची पावती जुन्या नावाने चालूच. लोक ती पावती मालकीचा पुरावा समजतात. ती मालकीचा पुरावा नाही, कर भरल्याचा पुरावा आहे. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर वारसांची नावे लागली आहेत का, हे आधी पाहिले पाहिजे. शहराबाहेरच्या वस्त्यांत तर पुष्कळांकडे शंभर रुपयांच्या जुन्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का एवढाच कागद असतो. त्यावर घरात राहता येते, पण नोंदणीकृत खरेदीखत करून देता येत नाही. मुखत्यारपत्रावर घेतलेल्या घरांचेही तेच. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्वच्छ सांगितले आहे.

हिबाचा प्रश्नही असाच. वडिलांनी हयातीत चार माणसांसमोर तोंडी हिबा करून घर एका मुलाला दिले. देणे, स्वीकारणे आणि ताबा या तिन्ही गोष्टी झाल्या असतील तर असा तोंडी हिबा वैध आहे, शरीअतनेही आणि कोर्टानेही. पण ते चार साक्षीदार आज कबरस्तानात आहेत. खरेदीदाराचा वकील त्यांना विचारायला जाणार नाही. तो सर्व भावाबहिणींच्या सह्या मागणार, आणि ते योग्यच आहे.

सह्यांची गोष्ट निघाली म्हणून सविस्तर लिहितो. समजा वडिलांचा इंतकाल झाला, त्यांचे आईवडील आधीच गेलेले, मागे बायको, दोन मुलगे आणि तीन मुली. बायकोचा आठवा हिस्सा. उरलेल्या सात हिश्श्यांत प्रत्येक मुलाचे दोन, प्रत्येक मुलीचा एक. ४० लाखांच्या घरात आईचे ५ लाख, प्रत्येक बहिणीचे ५ लाख, प्रत्येक भावाचे १० लाख. म्हणजे दोन्ही भावांनी मिळून सही केली तरी अर्धेच घर विकले गेले. बाकीचे अर्धे ज्याचे त्याच्याकडेच राहिले, आणि खरेदीदाराने पूर्ण पैसे देऊन अर्धे घर घेतले. असे दावे दहा-दहा वर्षे चालतात.

येथे दलाल मोठ्या सफाईने म्हणतो, "बहिणींचे मी बघून घेतो, हक्कसोडपत्र करून आणतो." हे काम त्याला कधीही देऊ नये. तो काय करतो? बहिणीच्या सासरी जातो, पाच-पंचवीस हजारांची बात करतो, भावाच्या नावाचा वास्ता देतो आणि सही आणतो. मायके तुटेल या भीतीने ती सही करते. पाच लाखांचा हक्क पंचवीस हजारांत गेला आणि तो घेणारा परका माणूस, ज्याला सौदा लवकर उरकायचा आहे. आपण दलालाला यासाठी पैसे देतो काय? बहिणीला खुशीने सोडायचे असेल तर तो तिचा अधिकार आहे, पण किंमत किती ठरली हे तिला आधी माहीत असले पाहिजे. उत्तम पद्धत ही की बहिणींनी खुद्द खरेदीखतावर विक्रेता म्हणून सही करावी आणि तिच्या हिश्श्याचा चेक तिच्याच नावाने निघावा. खरेदीदारालाही त्यातच सुरक्षितता आहे.

"इतके व्हाईट, इतके कॅश" या बोलीतही पहिला मार बहिणीलाच बसतो. कागदावर २५ लाख, वरचे १५ लाख पिशवीत. बहिणीचा हिस्सा २५ वर निघतो आणि पिशवी भावांच्या कपाटात जाते. कायद्याचे म्हणाल तर २०१५ पासून घर-जमिनीच्या सौद्यात वीस हजार किंवा त्याहून अधिक रोख घेणे मना आहे आणि घेतली तेवढाच दंड होऊ शकतो. दलालाला दंड होत नाही, घेणाऱ्या मालकाला होतो.

हे सर्व नीट झाले, कागद फायलीत आले, वारस एका मताचे झाले, म्हणजे मग दलाल हवा की नको हा प्रश्न खरोखर लहान होतो.

मोहल्ल्यातील घर असेल तर गिऱ्हाईक बहुधा मोहल्ल्यातच असते. शेजारच्याला मुलासाठी जागा हवी असते, समोरच्याला माग वाढवायचे असतात. आपल्या वस्तीतील घर आपल्याच माणसांना विकले जाते, बाहेरचा येत नाही आणि आपल्याला बाहेर सहज मिळत नाही, ही कडू वस्तुस्थिती आहे. अशा ठिकाणी दलाल नवे गिऱ्हाईक आणीत नाही, तुम्हाला माहीत असलेलेच आणतो. मग शेजाऱ्याला आधी विचारावे, जुम्याच्या नमाजनंतर चार जाणत्यांच्या कानावर घालावे, आणि दलालीचे पैसे चांगल्या वकिलाला द्यावेत.

एका गोष्टीची मात्र खबरदारी. आपल्या लोकांत मुरव्वत फार. साडूचा मित्र आला, मशिदीतला सोबती आला, की तोंडातून "नाही" निघत नाही. ही मुरव्वत दलालीपेक्षा महाग पडते. ज्याला तोंडावर भाव सांगता येत नाही त्याने दलाल जरूर करावा. नकार देण्याचे काम तो करील. त्याच्या दलालीचे निम्मे मोल तेवढ्यातच वसूल होते.

शिवाय आपल्याकडे बँकेचे कर्ज टाळणारे गिऱ्हाईक पुष्कळ. ते हप्त्यांनी पैसे देतात, वर्ष-वर्ष लागते. हरकत नाही, पण साठेखत नोंदवून घ्यावे, हप्त्यांच्या तारखा त्यात लिहाव्यात आणि शेवटचा रुपया मिळेपर्यंत ताबा देऊ नये. मुरव्वतीने किल्ली दिली की पुढचे हप्ते सावकाश येतात आणि आत बसलेल्याला काढणे सोपे नसते.

उलट फ्लॅट दुसऱ्या शहरात असेल, मालक आखातात नोकरीला असेल, किंवा घर अशा भागात असेल जेथे आपली ओळखपाळख नाही, तर दलालाशिवाय काम होणे कठीण. घर दाखविणे, सोसायटीचा ना-हरकत दाखला, चकरा, हे तो करतो आणि त्याचे पैसे वाजवी आहेत. २०१६ च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची केली, महारेराने पुढे प्रशिक्षण व परीक्षाही लावली. जुन्या घराच्या सौद्याला हे बंधन तसे पोहोचत नाही, तरी नोंदणी असलेला माणूस निवडलेला बरा. त्याला शोधण्यासाठी ठिकाण तरी असते.

दलालाशी बोली लिहूनच करावी. दलाली किती टक्के, कोणाकडून, किती महिन्यांची मुदत. "मला ४० द्या, वरचे तुमचे" ही बोली कधीही करू नये. ती केली की तो तुमचा दलाल राहिला नाही, तुमच्या मालाचा व्यापारी झाला, आणि खरा भाव तुम्हाला कधी कळणार नाही. इसार पावतीवर खरेदीदाराचे नाव कोरे सोडण्याचा आग्रह धरील तर समजावे की तो हाच सौदा पुढे दुसऱ्याला विकणार आहे. त्याचप्रमाणे त्याने आणलेल्या गिऱ्हाइकाशी पाठीमागे परस्पर सौदा करणे हेही आपल्याला शोभत नाही. त्याने मेहनत केली, मजुरी त्याची झाली.

दलाली इसाराच्या दिवशी मागितली जाते. ती निम्मी तेव्हा आणि निम्मी खरेदीखत नोंदविल्यावर, असे ठरवावे. रक्कम चेकने द्यावी आणि पावती घ्यावी, कारण घर विकून झालेल्या नफ्यावर जो कर लागतो त्यात ही दलाली खर्च म्हणून वजा होते. पावती नसेल तर होत नाही. सौदा ५० लाखांचा किंवा वर असेल तर खरेदीदार १ टक्का कर कापूनच पैसे देईल, त्याचा दाखला मागून घ्यावा. आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठा देण्यापूर्वी, माग चालत असलेल्या घराचे वीजबिल कोणत्या तारखेपर्यंत कोणी भरायचे आणि मीटर कोणाच्या नावावर जाणार, हे खरेदीखतातच लिहून घ्यावे.