पावसात सापडलेले बेट

उष्ण कटिबंधातील बेटांविषयीच्या प्रवासपुस्तिकांमध्ये शेवटी शेवटी एक छोटा भाग हमखास असतो: पाऊस पडला तर काय करावे? आधीची पानेच्या पाने समुद्र, वाळू, प्रवाळ आणि सूर्यास्त यांवर खर्ची पडलेली असतात आणि मग नाइलाजाने आल्यासारखी सात-आठ ओळींची यादी येते. संग्रहालय पाहा, बाजारात फिरा, मसाज करून घ्या, स्थानिक पदार्थ शिकवणाऱ्या वर्गाला बसा, नाहीतर हॉटेलातच पत्ते खेळा. यादीतील प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी चांगली असेलही. आमचा आक्षेप आहे तो यादीमागच्या गृहीतकाला. पाऊस म्हणजे नुकसान आणि यादी म्हणजे त्या नुकसानाची भरपाई, असे हे गृहीतक आहे. बेटाचे खरे रूप उन्हातले आणि पावसातले रूप म्हणजे त्यात आलेला व्यत्यय, असे ते न बोलता सांगत असते. साहित्याच्या अभ्यासकांनी या गृहीतकाची दखल घ्यावी असे आम्हांला वाटते, कारण एखाद्या प्रदेशाचे वाचन कसे करावे याविषयीचाच हा प्रश्न आहे.

उदाहरण म्हणून आम्ही मॉरिशस घेतो. मराठी पर्यटकांच्या, विशेषतः नवविवाहितांच्या, सहलींमध्ये या बेटाने आता पक्के स्थान मिळवले आहे आणि तिथल्या जाहिरातींत पाऊस औषधालाही सापडत नाही. प्रत्यक्षात काय आहे? आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावरून बेटात शिरतात, मधल्या पठारावर चढतात आणि तिथे आपले ओझे टाकून पश्चिमेकडे कोरडे होऊन उतरतात. मधल्या पठारावर वर्षाकाठी सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो, तर पश्चिम किनाऱ्यावर सुमारे ८०० मिलिमीटर. कोकण, घाटमाथा आणि देश हा आपल्या परिचयाचा क्रम इथे दिशा बदलून, अवघ्या काही किलोमीटरांत उरकलेला आहे. पठारावरच्या क्यूरपीप गावात लोक छत्री घेऊन बाहेर पडत असतात तेव्हा पश्चिमेच्या किनाऱ्यावर पर्यटक उन्हात पडलेले असतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा हाच पावसाचा आणि चक्रीवादळांचा काळ. तेव्हा पाऊस हा इथला अपवाद नाही. ऊस, चहा, नद्या, धबधबे आणि तलाव यांनी बनलेले जे बेट आहे, ते पावसाचेच आहे. त्याची कडा तेवढी पर्यटनाने उन्हासाठी राखून ठेवली आहे.

भूगोल सोडून साहित्याकडे वळलो तर हा विरोध आणखी ठळक होतो. या बेटाला युरोपच्या वाचकांच्या मनात कायमचे घर मिळवून दिले ते बर्नार्दां द सँ-पिएर यांच्या ‘पॉल ए विर्जिनी’ या १७८८ मधील कादंबरीने. लेखक स्वतः १७६८ ते १७७० या काळात बेटावर राहिला होता. या कादंबरीतील सर्वांत गाजलेले चित्र पावसातले आहे. अचानक सर आलेली असते आणि विर्जिनीने डोक्यावर उलटा धरलेल्या परकराखाली दोन्ही मुले बिलगून धावत येतात. पुढे शंभर वर्षे हे दृश्य खोदचित्रांतून घरोघर पोचले. कादंबरीच्या मध्यावर अतिवृष्टी पॉलची बाग वाहून नेते आणि शेवटी वादळात जहाज फुटून विर्जिनी बुडते.

या शेवटात अभ्यासकाला विचार करायला लावणारा एक तपशील आहे. ‘सँ-जेराँ’ हे जहाज खरोखरच बुडाले होते, पण ते १७ ऑगस्ट १७४४ रोजी. ऑगस्ट हा तिथला कोरडा, थंड महिना. चक्रीवादळांचा तो काळ नव्हे. सँ-पिएर यांनी ती दुर्घटना त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेरीस नेली आणि तिच्याभोवती वादळ उभे केले. इतिहासाची तारीख त्यांनी ऋतूसाठी मोडली. या बेटाची शोकांतिका या बेटाच्याच हवामानातून घडायला हवी, असे त्यांना वाटले असावे, असा आमचा तर्क आहे.

मार्क ट्वेन १८९६ च्या एप्रिलमध्ये, भारताचा दौरा आटोपून, मॉरिशसला पोचला. बेटाची स्वर्गाशी तुलना करणारे एक वाक्य आज पर्यटनाच्या साहित्यात त्याच्या नावावर सर्रास खपते. त्याचे १८९७ चे प्रवासवर्णन उघडून पाहिले तर ते मत त्याने बेटावरच्या एका रहिवाशाच्या तोंडी घातले आहे आणि लगेच पुढे दुसरा रहिवासी त्याला अतिशयोक्ती म्हणतो. त्याच पुस्तकात १८९२ च्या चक्रीवादळाने पोर्ट लुईची काय दशा केली याचे वर्णन आहे. जाहिरातीने अर्धे वाक्य उचलले, दुसरा रहिवासी गाळला आणि वादळही गाळले. संदर्भ तोडून उद्धृत करणे म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागू नये. २९ एप्रिल १८९२ चे तेच वादळ जवळपास शतकभराने ले क्लेझिओ यांच्या १९८५ मधील ‘ल शेर्शर दॉर’ या कादंबरीत येते आणि नायकाच्या कुटुंबाचे सारे आयुष्य उधळून लावते. म्हणजे अठराव्या, एकोणिसाव्या आणि विसाव्या अशा तीन शतकांतील तीन लेखक हे बेट लिहायला बसले आणि तिघांनाही पाऊस-वाऱ्यावाचून ते लिहिता आले नाही. पर्यटनाच्या पानांना मात्र ते सहज जमते.

मग पावसाच्या दिवशी मॉरिशसमध्ये प्रवाशाने काय करावे? आमचीही एक यादी आहे. पण ती भरपाईची नाही. पाऊस नसला तरी ती करावी अशी आहे. पाऊस फक्त तिच्यासाठी सवड काढून देतो.

पोर्ट लुईच्या बंदरावर २००१ मध्ये सुरू झालेले ब्लू पेनी म्युझियम आहे. १८४७ ची दोन जगप्रसिद्ध टपालतिकिटे, एक पेनीचे नारिंगी-तांबडे आणि दोन पेन्सचे निळे, तिथे आहेत. प्रकाशाने रंग विटू नये म्हणून त्यांच्यावर दिवा थोडा वेळच लावायचा असा तिथला शिरस्ता. प्रॉस्पेर देपिने या शिल्पकाराने संगमरवरात घडवलेले पॉल आणि विर्जिनीही त्याच ठिकाणी आहेत. कादंबरी वाचून गेलेल्याने त्यांच्यापुढे उभे राहावे आणि बाहेरच्या सरींचा आवाज ऐकावा. शहरातल्याच निसर्गेतिहासाच्या संग्रहालयाकडे डोडो पक्ष्याचा एक सांगाडा आहे. जगात इतरत्र जे सांगाडे दिसतात ते बहुधा अनेक पक्ष्यांची हाडे जुळवून केलेले असतात. हा मात्र एकाच पक्ष्याचा आहे आणि तो विसाव्या शतकाच्या आरंभी एतिएन तिरियू या पोर्ट लुईतल्या केशकर्तनकाराने शोधून काढला.

मात्र आमच्या यादीत सर्वांत वर आहे तो आप्रवासी घाट. १८४९ मध्ये उभारलेल्या या आप्रवासी मजुरांच्या केंद्राला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर भारतातून या बेटावर आले. बोटीतून उतरून ज्या दगडी पायऱ्या त्यांना चढाव्या लागल्या, त्यांपैकी सोळा आज शिल्लक आहेत. करार पाच वर्षांचा, पुरुष मजुराचा पगार महिन्याला साधारण पाच रुपये आणि वर शिधा. आणि गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाला दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत, जिला तिथे ‘डबल कट’ म्हणत. आजारपणानेही ती सुटत नसे.

या एका तपशिलाने पावसाळी दिवसाच्या यादीचा अर्थच बदलतो असे आम्हांला वाटते. आजचा प्रवासी पावसाने एक दिवस वाया गेला म्हणून हळहळतो. त्याच बेटावर, त्याच पावसात, एक दिवस न राबण्याची किंमत दोन दिवसांची मजुरी होती. मजुराला पावसाळी दिवस असा वेगळा काढता येत नव्हता. ज्या उसाच्या हिरव्या पट्ट्याकडे आपण बसच्या ओल्या काचेतून पाहतो, तो त्याच श्रमाने वाढलेला आहे. हे कळायला ऊन आडवे येत नाही हे खरे. पण उन्हात आपण तिकडे फिरकत नाही, हेही तितकेच खरे.

या मजुरांमध्ये रत्नागिरी आणि आसपासच्या भागातून मुंबई बंदरामार्गे गेलेली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. गणेश चतुर्थीला बेटावर सार्वजनिक सुटी असते आणि शाळांतून मराठी शिकवले जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आप्रवासींच्या नोंदी जतन केल्या आहेत. त्यांत १८६० च्या दशकापासून घेतलेली मजुरांची छायाचित्रेही आहेत. कोकणातला पाऊस अंगावर घेतलेली ही माणसे पठारावरच्या पावसात उतरली तेव्हा त्यांना काय ओळखीचे वाटले असेल आणि काय परके, हा प्रश्न मराठी कथा-कादंबरीने जवळजवळ विचारलेलाच नाही. हिंदीत अभिमन्यु अनत यांनी ‘लाल पसीना’ लिहून या इतिहासाला कादंबरीचे रूप दिले. मराठी पर्यटक मात्र चार रात्री पाच दिवसांत सात ठिकाणे पाहून परततो आणि आपल्याच भाषेच्या एका शाखेला भेटायचे राहून गेले, हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. वर्षानुवर्षे पैसे साठवून चार दिवस समुद्र पाहायला गेलेल्या माणसाला अभिलेखागाराचा उपदेश करणे हा अभ्यासकांचा अहंगंड नव्हे काय? समुद्राची ओढ क्षुद्र आहे असे आम्ही म्हणत नाही. कष्टाच्या आयुष्यातून काढलेल्या विसाव्याची थट्टा करण्याचा अधिकार कुणालाच नाही. आमचे म्हणणे एवढेच की, समुद्र हिरावला गेल्याच्या दिवशी त्या माणसाच्या हाती मसाज आणि पत्ते यांखेरीज काही ठेवायचे नाही, हा निर्णय त्याच्या वतीने कुणीतरी आधीच घेतलेला असतो. उपदेश होतो तो तिथे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पावसाचे असे गौरवीकरण करणे हीही एक पर्यटकी वृत्तीच नाही का? याचे भान ठेवलेच पाहिजे. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईत अचानक आलेल्या पुरात अकरा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील काही बंदराजवळच्या भुयारी मार्गात अडकली होती. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ चक्रीवादळाच्या वेळी त्याच शहराच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. वादळाच्या इशाऱ्यांचे तिथे चढते वर्ग आहेत आणि वरच्या वर्गाचा इशारा लागला की घराबाहेर पडणे बंद होते. अशा दिवशी प्रवाशाने करायची एकच गोष्ट असते: सांगितले जाईल तसे वागणे आणि आपल्यामुळे कुणाला धावपळ करावी लागणार नाही असे पाहणे. तरीही त्या दिवशी वाचण्यासारखे समोर असते. १९६० च्या ‘कॅरोल’ वादळाने हजारो घरे पाडल्यानंतर बेटाने काँक्रीटची घरे बांधायला घेतली. ज्या सपाट छपरांना आपण कुरूप म्हणून नाक मुरडतो, ती त्या आठवणीची छपरे आहेत. सौंदर्यदृष्टीचा एखादा निकाल देण्याआधी इतिहास विचारावा, हे वाङ्मयाच्या समीक्षेत आपण मानतोच.

आपल्या परंपरेत पाऊस आणि प्रवास यांचे नाते दोन प्रकारे बांधले गेले आहे. एक वर्षावासाचे. पावसाळ्यात भिक्षूने फिरणे थांबवावे, एका जागी राहावे आणि अध्ययन करावे. सह्याद्रीतल्या कितीतरी विहारांच्या मुळाशी ही गरज आहे. दुसरे वारीचे. ऐन आषाढाच्या तोंडावर, चिखल तुडवत, भिजत, पण चालतच राहायचे. थांबणे असो की चालणे, दोन्हींत पाऊस हिशेबात धरलेला आहे. प्रवासपुस्तिकेचा प्रवासी यांपैकी कुठलाच नाही. तो थांबतो, पण अध्ययनासाठी नाही. बाहेर पडतो, पण भिजायला नाही. तो पाऊस जाण्याची वाट पाहतो. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आपण अभ्यासक्रमात ठेवतो, त्यावर प्रश्न काढतो आणि प्रवासवर्णन शिकवताना मात्र हवामानाला दोन ओळींची पार्श्वभूमी समजून पुढे जातो. ही विसंगती आपल्या वर्गातली आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रवासवर्णनाचा घटक शिकवताना विद्यार्थ्यांना कोणतेही एक प्रवासवर्णन घेऊन त्यातला पाऊस शोधायला सांगावा. तो कुठे येतो, किती ओळी येतो, लेखक त्या दिवशी कुणाशी बोलतो, आणि पाऊस मुळीच नसेल तर त्या ऋतूत त्या प्रदेशात तो खरोखर पडत नव्हता का, हे पडताळून पाहायला सांगावे. मॉरिशसला निघालेल्या वाचकांनी सामानात ‘पॉल ए विर्जिनी’ची एक प्रत ठेवावी. इंग्रजी भाषांतर सहज मिळते आणि पुस्तक लहान आहे. तिथल्या क्रेओल भाषेत पावसाला ‘लाप्ली’ म्हणतात. हा एक शब्द शिकून गेलात तर न्याहारी वाढणाऱ्या माणसाशी पहिल्याच सकाळी बोलणे सुरू करता येईल. त्याचे आडनाव विचारावे. ते ओळखीचे निघण्याचीही शक्यता आहे.