मांजराचें ताट

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं मांजर आहे. त्याला खावयास काय घालतां, असें वर्गांत विचारलें असतां बहुधा एकच उत्तर येतें : दूधपोळी, क्वचित् दूधभाकरी. हें उत्तर इतक्या सहजतेनें येतें कीं, त्यांत शंका घेण्यासारखें कांहीं असेल असें कोणाच्या मनांतही येत नाहीं. आपल्या म्हणीही त्याच मताच्या आहेत. मांजर डोळे मिटून पितें तें दूधच, आणि बोक्याचें फावतें तेंही शिंकें तुटून दूधदुभतें खालीं आल्यावर. मांजर आणि दूध यांची ही सांगड एकदां तपासून पाहिली पाहिजे, असें आमचें मत आहे.

पूर्वीं दूधपोळीवरचीं मांजरें धडधाकट असत, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. परंतु त्याचें श्रेय दूधपोळीस नाहीं. घरचें ताट हें त्या मांजराचें अर्धेंही जेवण नव्हतें. उरलेलें तें कणगीमागें, माळ्यावर व परसांत स्वतः मिळवीत असे. एका उंदरांत मांस, हाडें, काळीज, रक्त आणि पाणीही असतें; मांजरास याहून पूर्ण अन्न नाहीं. त्याच्या या उद्योगाचा मनुष्यासही लाभ होई. १८९६ सालीं मुंबईंत प्रकट झालेला प्लेग पुढें देशभर पसरला, तेव्हां अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल ब्यूकॅनन यांनीं, ज्या गांवीं मांजरें पुष्कळ तेथें प्लेग कमी, असें निरीक्षण १९०८ च्या सुमारास मांडून मांजरें पाळण्याचा आग्रह धरला होता. आज आमचीं कितीतरी मुलें सदनिकांत राहतात. खिडकीस जाळी, दारास कडी, आणि मांजर तिसऱ्या मजल्यावर. वाहनांच्या व कुत्र्यांच्या भयानें त्याला आंत ठेवणें योग्यच आहे; परंतु ज्यानें दार लावलें, त्याच्यावर त्या जीवाच्या सगळ्या आहाराचा भार येऊन पडला, हें फार थोड्यांच्या ध्यानांत येतें.

मांजर हें केवळ मांसावर जगणारें प्राणी आहे. गाजरांतील द्रव्यापासून आपलें शरीर अ जीवनसत्त्व बनवितें. मांजराचें शरीर बनवीत नाहीं, त्यास तें मांसांतून तयारच मिळावें लागतें. टॉरिन नांवाच्या द्रव्याची गोष्ट तर याहून गंभीर आहे. १९७५ सालीं अमेरिकेंत, दुधांतील केसिन हेंच मुख्य प्रथिन असलेल्या आहारावर ठेवलेल्या मांजरांचें दृष्टिपटल झिजत जातें व त्याचें कारण टॉरिनची उणीव होय, असें दिसून आलें. १९८७ सालीं कॅलिफोर्नियांतील पशुवैद्यांनीं दाखविलें कीं, याच उणिवेनें मांजराचें हृदय फुगून दुर्बल होतें. वेळीं टॉरिन दिल्यास हृदय पुष्कळदां सांवरतें. गेलेली दृष्टि मात्र परत येत नाहीं. पोळींत, भातांत, वरणांत टॉरिन नाहीं. गाईच्या दुधांत अगदीं अल्प. शिवाय वाढलेल्या पुष्कळ मांजरांस दुधांतील साखर पचत नाहीं व ढाळ लागतात. गोडी तर मांजरास कळतच नाहीं. ती ओळखण्याचा जनुक त्याच्या ठायीं निकामी आहे, हें २००५ सालीं सिद्ध झालें. मांजर पेढा चाटतें तें, आम्हांस वाटतें, खव्यांतील स्निग्धांशासाठीं.

मग रविवारच्या रश्श्यांतलें मटण द्यावें काय? तेंही नव्हे. कांदा व लसूण यांनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी नाश पावतात, आणि सोलापूरचा रस्सा या दोहोंवांचून होत नाहीं. शेंगाचटणीचें बोटही त्याला चाटवूं नये. शिजलेलीं हाडें फुटून घशांत रुततात. मांजराचें अन्न वेगळेंच शिजविलें पाहिजे, व तें अवघडही नाहीं. कोंबडीच्या तंगडीचें बिनहाडाचें मांस व हृदय मिळून अर्धा किलो, थोड्याच पाण्यांत, मीठमसाल्याशिवाय उकडावें. टॉरिन पाण्यांत उतरतें, म्हणून तें पाणी फेंकूं नये, मांसावरच ओतावें. एक उकडलेलें अंडें कुस्करून मिसळावें. निव्वळ मांसांत चुना फार कमी, त्यानें हाडें ठिसूळ होतात. यासाठीं अंड्याच्या टरफलाची बारीक पूड अर्धा चमचा घालावी. कलेजी आठवड्यांतून एकदोन वेळां, लहानसा तुकडाच. रोज दिल्यास अ जीवनसत्त्व अति होऊन मान आंखडते. उजनीच्या जलाशयांतले मासे आपल्याकडे मिळतात. तेही काटे काढून व शिजवूनच द्यावे, कारण पुष्कळ कच्च्या माशांत ब१ जीवनसत्त्वाचा नाश करणारें द्रव्य असतें.

एवढ्यानें सर्व साधलें, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. २०१९ सालीं अमेरिकन पशुवैद्यांनीं मांजरांसाठीं छापलेल्या शंभरांहून अधिक घरगुती कृती तपासल्या, तेव्हां सर्व आवश्यक द्रव्यें पुरविणारी एकही निघाली नाहीं. म्हणून रोज घरचेंच देणारानें पशुवैद्यास विचारून टॉरिन व इतर जीवनसत्त्वांची पूड त्यांत घालावी. ज्याला ही यातायात नको, त्यानें विश्वासाचें तयार कॅटफूड आणावें. त्यांत कमीपणा नाहीं. चार किलोच्या मांजरास दिवसास दोनशें ते अडीचशें कॅलरी पुरतात. आमच्या वैशाखांत, पारा चाळीस अंशांपलीकडे गेला असतां, ओलें अन्न तासाभराहून अधिक वेळ उघडें राहूं देऊं नये. मांजराची मूळ जात वाळवंटांतली. त्याला तहान कमी लागते, आणि म्हणूनच कोरड्या दाण्यांपेक्षां ओलें अन्न त्याच्या मूत्रपिंडांस बरें.

या गांवांत लिंगायत, जैन, मारवाडी अशीं कितीतरी घरें अशीं आहेत कीं, जेथें मांसाचें नांवही निघत नाहीं. त्यांच्या व्रताविषयीं आम्हांस आदर आहे, आणि कोणाच्या चुलीवर कोंबडी चढवावी असें आम्ही सुचवीत नाहीं. परंतु व्रत मनुष्यानें घेतलें आहे, मांजरानें नव्हे. ज्या घरीं मांस कोणत्याही रूपानें येऊंच शकत नाहीं, त्या घरानें ससा पाळावा; तो गवतपाल्यावर सुखानें जगतो. मांजर मात्र आणूं नये. आणि आणलें असल्यास वाट काढावी. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं ती निघाली आहे. आजींनीं स्वयंपाकघराचा नियम मोडूं दिला नाहीं. पण तयार अन्नाचा डबा व्हरांड्यांतल्या पेटींत असतो, थाळी तेथेंच मांडली जाते, आणि ती बाहेरच्या नळावर घासण्याचें काम त्या मुलाकडे आहे. परीक्षेच्या दिवसांतही आजी तें दुसऱ्या कोणास करूं देत नाहींत.