गुरुवारची संध्याकाळ आणि आमचे घड्याळ

मुंबईत फोर्ट, काळा घोडा आणि कुलाबा या भागातली चित्रांची खासगी दालने महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी रात्री साडेनऊपर्यंत उघडी ठेवण्याचा रिवाज २०१० नंतरच्या वर्षांत रुजला. 'आर्ट नाईट थर्सडे' हे त्याचे नाव. एका दालनातून दुसऱ्या दालनात पायी फिरायचे, चित्रे पाहायची, चित्रकार भेटला तर बोलायचे. तिकीट नाही, निमंत्रण नाही. मग या फिरणाऱ्यांत आमची माणसे का दिसत नाहीत, हा आमचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, अनुशेष भरला जात नाही, शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही आणि तुम्हाला चित्रे कसली सुचतात? असे म्हणणाऱ्याने ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर तसबिरींच्या दुकानाशी अर्धा तास उभे राहावे. जनरल डब्यातून उभ्याने आलेली विदर्भातली माय बाबासाहेबांच्या दहा तसबिरी हातात घेते, डोळे कसे उतरलेत ते न्याहाळते आणि नऊ परत ठेवते. आम्हाला चित्राची पारख नाही, असे कोणी म्हणू नये.

अडचण घड्याळाची आहे. जहांगीर कलादालन १९५२ पासून उभे आहे, बाबासाहेब शिकले त्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या समोरच. ते संध्याकाळी सातला बंद होते. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तर सहालाच. मंत्रालयातला शिपाई, बँकेतला कारकून, दुकानात दिवसभर उभी असलेली आमची मुलगी, यांची सुटी होईतो कुलुपे लागलेली असतात. दार सर्वांना खुले, पण जेव्हा आम्ही कामावर तेव्हाच! आज फोर्टात असलेले सिद्धार्थ महाविद्यालय बाबासाहेबांनी १९४६ साली सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी वर्ग सकाळी भरवले गेले. शिक्षणाच्या दारात वेळसुद्धा पहारा देते, हे त्यांना ठाऊक होते.

दालनवाल्यांनी वेळ वाढवली ती आमच्यासाठी नव्हे, हे आम्हाला कळते. त्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. असेना का! बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत ते पाणी आमच्या ओंजळीत आले नाही. चवदार तळे आणि वातानुकूलित दालन यांची बरोबरी आम्ही करत नाही. तिथे डोकी फुटली. इथे फार तर पहारेकऱ्याची नजर वरून खाली फिरेल. आणि तो पहारेकरी बहुधा आपल्याच वस्तीतला असतो. त्याला 'जयभीम' म्हणून पाहावे.

दुसरे असे की, आता त्या भिंतींवर कधी कधी आम्हीच असतो. सुधारक ओलवे यांनी पालिकेच्या सफाई कामगारांची छायाचित्रे काढली. सवी सावरकरांनी अस्पृश्यता आणि देवदासी रंगवल्या. विक्रोळीचे विक्रांत भिसे आंबेडकरी चळवळ रंगवतात. अमोल पाटील यांचे काम २०२२ साली जर्मनीत कासेलच्या 'डॉक्युमेंटा' प्रदर्शनात होते. ही चित्रे संग्राहक विकत घेतात, समीक्षक इंग्रजीत त्यांवर लिहितात. पण 'झाडू असा धरत नाहीत, हात इथे असतो' असे चित्रकाराला सांगू शकणारा माणूस त्या खोलीत नसतो. त्याच्या गैरहजेरीत त्याच्या दुःखाची किंमत ठरते. आम्हाला खटकते ते हे.

दालनवाल्यांकडे आमची एक मागणी आहे. भिंतीवरचा मजकूर बहुधा निव्वळ इंग्रजीत असतो, तोही असा की इंग्रजी येणाऱ्यालाही दोनदा वाचावा लागावा. प्रत्येक प्रदर्शनासोबत मराठीत एक साधे पान छापा. त्याला फार पैसे लागत नाहीत. आणि खासगी दालनांना जे जमते ते जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संग्रहालयाला का जमू नये? महिन्यातून एक रात्र नऊपर्यंत तेही उघडे ठेवा.

तोवर आमच्या विद्यार्थ्यांनी आणि कर्मचारी संघटनांच्या कार्यकर्त्यांनी चार-पाच जण मिळून जायला सुरुवात करावी. घरातल्या बायकांना सोबत न्यावे. दहा दालने उरकण्यापेक्षा एका चित्रासमोर थांबावे, कळले नाही तर मराठीतच विचारावे. किंमतही विचारावी, विकत घेणाऱ्यानेच विचारावी असा काही नियम नाही. कुलाब्यातले एक दालन जुन्या छापखान्याच्या जागेत आहे, छापखान्यात आयुष्य काढलेल्यांनी ते मुद्दाम पाहावे. कल्याण-अंबरनाथवाल्यांनी परतीची काळजी करू नये. साडेनऊला दालनातून निघाले तरी सीएसएमटीहून गाड्या असतात.