सव्वादोन फुटांचे अंतर

दिवाळीत निम्मा महाराष्ट्र गाडीत बसलेला असतो आणि उरलेला निम्मा कोणाला तरी उतरवून घ्यायला स्टेशनावर गेलेला असतो. तेव्हा यंदा रेल्वेच्याच नवलाच्या गोष्टी सांगाव्यात, म्हणजे वाचकांना त्या प्रवासात वाचता येतील, असा माझा साधा हिशेब आहे.

आमच्या परभणीच्या मुलांना स्पर्धापरीक्षांचा भारी नाद. मराठीच्या तासाला अलंकार विचारला की माना खाली जातात. पण देशातला सर्वांत लांब फलाट कोणता, असे विचारा, वर्गभर एकच गजर होतो : हुबळी, १५०७ मीटर! त्यापूर्वी हा मान गोरखपूरचा होता आणि त्याच्याही आधी खरगपूरचा, हेही त्यांना मुखोद्गत. चार हजारांहून अधिक किलोमीटर धावणारी दिब्रुगड–कन्याकुमारी विवेक एक्सप्रेस, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा आणि २०२५ साली खुला झालेला चिनाब पूल, नाव उच्चारायच्या आत संपणारे ओडिशातले ‘इब’ स्टेशन... सारे जिभेच्या टोकावर.

हे सारे खरेच. पण आपल्या दाराशी काय कमी नवल आहे?

आमच्या जिल्ह्यातले ‘मानवत रोड’ घ्या. नवखा पाहुणा मानवत आले म्हणून उतरतो आणि गाव शोधू लागतो. रेल्वेच्या कोशात ‘रोड’ या शब्दाचा अर्थ, ‘गाव येथे नाही, येथून रस्त्याने जावे’ असा आहे, हे त्या बिचाऱ्याला कोणी सांगितलेलेच नसते. नाशिक रोडचेही तेच. कुर्डुवाडीला तर एके काळी ‘बार्शी रोड’च म्हणत, स्वतःच्या नावाऐवजी शेजाऱ्याचे नाव मिरवण्याची पाळी त्या गावावर आली होती!

दुसरे नवल आमच्या पूर्णा जंक्शनचे. जयपूरहून पूर्णेला एक गाडी येत असे, तिचे नाव मीनाक्षी एक्सप्रेस. मीनाक्षी म्हणजे मदुराईची देवी. पण गाडी मदुराईच्या वाटेला जात नसे. अकोल्याच्या पलीकडे धूळघाटाजवळ मात्र घाट चढण्यासाठी तिचा रूळ असा वळसा घेई, की तो स्वतःलाच ओलांडून जाई.

आणि नंदुरबार जिल्ह्यातले नवापूर? अर्धे स्टेशन महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. एकाच बाकावर बसलेले नवरा-बायको दोन राज्यांत असू शकतात. घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. भाषावार प्रांतरचनेवर एवढा गोड तोडगा दुसरा कोणी काढला असेल, असे मला वाटत नाही.

पण या सर्वांहून मोठी गोष्ट सव्वादोन फुटांची आहे. रुंद मापाच्या दोन रुळांत साडेपाच फूट अंतर, मीटर मापाच्या रुळांत सव्वातीन फुटांहून थोडे अधिक. म्हणजे फरक सुमारे सव्वादोन फुटांचा. १८७०च्या सुमारास लॉर्ड मेयोच्या राजवटीत खर्च वाचावा म्हणून हे लहान माप पुढे आले आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाच्या रेल्वेने मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग त्याच मापाने बांधला. लहान रुळावरही आमची अजिंठा एक्सप्रेस मागे नव्हती. १९६७ साली मीटर मापाच्या गाड्यांत तिचा सरासरी वेग सर्वांत अधिक, ताशी ४२.५ किलोमीटर, गणला जाई.

हा वेग मनमाडला येऊन थबके. मुंबईला जायचे तर तेथे गाडी बदलणे भाग. वळकटी उतरवा, फराळाचा डबा सांभाळा, मुले मोजा, मग दुसरी गाडी गाठा. लहानपणी ही मोजदाद आई दोनदा करी, कारण पहिल्यांदा ती स्वतःच्या धांदलीत एक मूल जास्तच मोजी. माणसे निदान स्वतःच्या पायांनी जात, मालाचे काय? एका वाघिणीतला माल हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत, आणि ती मजुरी शेवटी शेतकऱ्याच्या किंवा गिऱ्हाइकाच्या माथी. रुंद रुळांसाठी मराठवाडा जनता विकास परिषदेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. गोविंदभाई श्रॉफ यांचे नाव त्या लढ्याशी कायमचे जोडले गेले आहे. अखेर १९९०च्या दशकात आमचा मार्ग रुंद झाला आणि परभणीचा माणूस मुंबईपर्यंत एका बैठकीत जाऊ लागला.

या चार बोटांच्या हिशेबाचे मोल किती, हे आम्हांला एप्रिल २०१६मध्ये कळले. लातूर तहानेने व्याकूळ झाले होते. आमच्याकडेही पाण्याचे हाल होतेच. कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुतलेल्या टाकीच्या वाघिणी मिरजेला आणल्या गेल्या. ११ एप्रिलला त्यांतल्या दहा पाणी भरून निघाल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुमारे पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. पुढे पन्नास वाघिणींची ‘जलदूत’ एका खेपेला पंचवीस लाख लिटर आणू लागली.

आता गंमत पाहा. मिरजेहून पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा मार्ग म्हणजे जुनी बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरने उभारलेली, अवघ्या अडीच फूट रुळांची. तिचा पहिला टप्पा १८९७ सालचा. ती खेळण्यातली गाडी म्हणून कौतुकाची होती; परंतु जलदूतच्या थोडीच वर्षे आधी तिचे रूळ रुंद झाले नसते, तर पाण्याची ती वाघीण कुर्डुवाडीच्या पुढे एक पाऊल टाकू शकली नसती.

जलदूतने वेगाचा उच्चांक मोडला नाही, अंतराचाही नाही. पण नळ कोरडा पडलेल्या घरातल्या बाईला जर कोणी विचारले असते, की देशातली सर्वांत मोठी गाडी कोणती, तर तिने हुबळीचे, दिब्रुगडचे नाव घेतले नसते. माझ्या मते मार्क तिलाच पूर्ण द्यावे लागतील.